मधल्या घरातला लॅपटॉप

गादीआजींचा व माझा परिचय तक्रारीतून झाला, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो. तक्रार माझी होती. त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाऊल टाकले ते गादी भरून घेण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या घरामुळे माझा धडा रोज संध्याकाळी बंद पडतो, हे सांगण्यासाठी.

याचा खुलासा करणे आवश्यक आहे. मी आयुष्यभर दगडाच्या खाणीत काम केले आणि हात थकल्यावर मुलाकडे राहायला आलो. त्याचे घर उताराच्या गल्लीत अगदी तळाला, शेवटचे. गल्लीच्या माथ्यावर शाळा. दिवसा तेथे मुले शिकत आणि दिवस कलल्यावर प्रौढांचा वर्ग भरे. त्या वर्गात, लहान मुलांच्या मापाच्या बाकावर गुडघे दुमडून बसून, मी अक्षरे शिकलो. मुलांचे व आमचे सर एकच होते.

शाळेतील प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप मिळालेला होता. दूरच्या एका संस्थेने, ज्यांच्या घरी असली वस्तू कधी येणार नाही अशा मुलांसाठी, तो मुद्दाम कमी खर्चात बनवला होता. जाड प्लास्टिकचा, धरायला मूठ असलेला; झाकण उघडले की दोन्ही बाजूंचे दोन कान वर करायचे. त्या कानांचे काम मला माझ्या नातीने समजावून दिले. गल्लीत तारा टाकलेल्या नव्हत्या. शाळेतून निघालेला धडा पहिल्या घरातल्या लॅपटॉपकडे येई, त्याच्याकडून पुढच्या घरातल्याकडे, आणि असा उतरत उतरत आमच्यापर्यंत. खाणीत आम्ही ओळीने उभे राहून दगड हातोहात देत असू, त्यामुळे हे मला लगेच कळले. मधला गडी खाली बसला, तर त्याच्या पुढचे सगळे रिकाम्या हातांनी उभे राहतात.

सर प्रौढांसाठीही धडा पाठवत. नातीचा अभ्यास आटोपला की लॅपटॉप माझ्याकडे येई आणि मी बोटाने ओळ धरून वाचत बसे. पण काही दिवस असे झाले की, वाचायला सुरुवात करावी आणि धडा अर्धवटच थांबावा.

नातीने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, गादीआजी गेल्या!"

"अगं, असं काय अभद्र बोलतेस?"

"म्हणजे त्यांचा लॅपटॉप गेला हो. त्यांचं घर मध्ये आहे ना. तो गेला की आपण तिन्ही घरं गेलो."

गादीआजींचे घर गल्लीच्या मध्यावर होते आणि त्यांच्या खाली आमची तीनच घरे होती. त्यांच्या घरातला लॅपटॉप नातवाचा. नातू आईवडिलांबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेला होता. नियमाने लॅपटॉप शाळेत परत जायला हवा होता, परंतु ते लोक गेले तेव्हा शाळेला सुट्टी होती, आणि मुलगा आजीला सांगून गेला होता की झाकण उघडे ठेव, कान वर ठेव, नाहीतर खालच्यांना काही मिळणार नाही. एवढी माहिती घेऊन मी वर चढलो.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली होती. एका बाजूला पिंजलेल्या कापसाचा ढीग, दुसऱ्या बाजूला शिवून तयार असलेल्या गाद्यांची चळत, मधोमध पसरलेली एक खोळ आणि तिच्यावर मांडी घालून बसलेल्या आजी. हातात वीतभर लांबीची दाभण. केसांवर, भुवयांवर, खांद्यावर कापूस.

"गादी भरायचीये की उशी?" मान वर न करता त्यांनी विचारले.

"दोन्ही नाही. मी खालच्या शेवटच्या घरातून आलो आहे. आपला लॅपटॉप बंद पडतो, त्याबद्दल बोलायचे होते."

"आपला म्हणजे माझा ना? मग तसं म्हणा. ते आपला-बिपला ऐकून मला वाटलं, जप्ती आली."

"तो पाहता येईल का?"

"बघा की. खिडकीत निजवलाय."

खिडकीत खरोखरच तो निजवलेला होता. त्याच्या मापाची, चारही कडा ताठ शिवलेली एक छोटी गादी खाली होती आणि वर तितकीच देखणी रजई पांघरलेली होती. रजईच्या वरच्या टोकातून दोन कान तेवढे बाहेर आले होते.

"कापूस उडतो इथे," आजी म्हणाल्या. "माझ्या नाकातोंडात जातो, मग त्या डब्यात जाणार नाही होय? म्हणून पांघरूण घातलंय. कान बाहेर ठेवलेत, नातवानं सांगितलं तस्से."

"बाई, हा बंद आहे."

"झोपला असेल. माझ्या गादीवर माणूससुद्धा लवकर उठत नाही, शेवटचे."

त्या दिवसापासून माझे नाव 'शेवटचे' असे पडले, ते आजतागायत.

माझ्याच्याने उलगडा होईना, म्हणून मी नातीला हाक मारून आणले. तिने रजईखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"आजी, हा केवढा तापलाय! याच्यात पंखा नसतो. हा पाठीतून ऊब बाहेर टाकतो, आणि तुम्ही पाठच गुंडाळलीत!"

"ताप आला की पांघरूण घालतातच."

"माणसाला, आजी!"

गादीआजींनी रजई काढली, नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली. बराच वेळ त्या तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, माझ्या रजईला कुणी नावं ठेवली नव्हती. ती या डब्यानं ठेवली."

लॅपटॉप थंड झाल्यावर चालू झाला आणि पुन्हा मधूनच बंद पडेनासा झाला. खालची गादी मात्र त्यांनी हलवू दिली नाही. उघड्यावर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये कापूस जाऊ नये, म्हणून त्यांनी कामाची वेळ बदलली. पूर्वी त्या संध्याकाळी, गल्लीतला वारा पडल्यावर, दार उघडे टाकून कापूस पिंजत. आता सकाळी, लॅपटॉप आतल्या खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून घेऊन पिंजू लागल्या. बंद खोलीत त्यांचा जीव घुसमटे. बाहेर येऊन त्या पायरीवर बसत, पदराने तोंड पुसत, आणि कोणी काही विचारलेच तर म्हणत, "खाली तीन घरं आहेत ना माझ्या." जणू ती तीन घरे त्यांनीच बांधली होती.

वर्गाला जाता-येता मी त्यांच्या पायरीवर टेकू लागलो. जे कळले ते असे. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे यजमान खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचे धनुष्य, टाकून दारोदार फिरत. पिंजलेला कापूस खोळीत भरून टाके घालण्याचे काम आजींचे. यजमान गेल्यावर त्यांनी विजेवर चालणारे पिंजणयंत्र घेतले. "ते असते तर यंत्राला शिव्या दिल्या असत्या," त्या सांगत, "आणि आपला खांदा सुटला म्हणून तिकडं तोंड करून हसले असते." मुलाने हा धंदा धरला नाही. फोमच्या गाद्या आल्यापासून तो कोणाच्याही मुलाने धरला नसता. मुलगा व सून कामावर गेले की नातू आजींकडे असे. तो गाद्यांच्या चळतीवर चढून अभ्यास करी, तेथेच झोपी जाई, आणि आजी त्याच्याभोवती वळसा घालून काम करत.

जुनी गादी उसवताना त्यांना माणसे कळत. एकदा एका दांपत्याची गादी उसवली होती. आजी म्हणाल्या, "शेवटचे, हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत वाटतं. दोन कडांना दोन खड्डे पडलेत, आणि मध्ये हा एवढा डोंगर." त्यांनी सगळा कापूस एकत्र पिंजला, सारखा पसरला आणि गादी परत केली. त्या दांपत्याला त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त मजुरी थोडी जास्त घेतली. डोंगर फोडायचे पैसे, असे मला सांगितले.

मी त्यांना प्रौढ वर्गात यावे म्हणून पुष्कळ आग्रह केला. काही दिवस त्या आल्याही. दाराशी बसत, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत. नंतर आल्या नाहीत. कारण विचारले, तर म्हणाल्या, "अक्षरं फार किडकिडीत हो. आत काही भरताच येत नाही." त्यानंतर मी पुन्हा आग्रह केला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर एक चित्र उघडते. त्यात गल्लीतला चालू असलेला प्रत्येक लॅपटॉप एका छोट्या माणसाच्या खुणेने दिसतो. प्रत्येक मुलाने आपल्या खुणेसाठी दोन रंग निवडलेले असतात, आणि खुणेखाली त्याचे नाव असते. एके संध्याकाळी माझी नात आपला लॅपटॉप घेऊन आजींच्या दुकानात आली होती. तिने सहज ते चित्र उघडले आणि बोट ठेवून म्हणाली, "आजी, हा बघा तुमचा नातू."

आजींनी दाभण खाली ठेवली. "कुठंय?"

"हा. तांबडा आणि निळा."

"एवढासा?"

"सगळे एवढेच असतात. तो इथे नाहीये, पण त्याचं मशीन चालू आहे ना, म्हणून दिसतोय."

"सगळ्यांना दिसतो?"

"ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्या सगळ्यांना."

"त्याला ठाऊक आहे का, तो इथे दिसतो ते?"

"काय माहीत."

आजी कापसाचा एक पुंजका उचलून बोटांनी मोकळा करत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतून जाणाऱ्या एका मुलाला थांबवून विचारले, "काय रे, आहे का आमचा?" मुलाला कळायला वेळ लागला नाही. "आहे, आजी!" तो म्हणाला. पुढे त्यांना विचारावे लागेनासे झाले. संध्याकाळी मुले दुकानावरून पळत जाताना आपणहून ओरडत, "आहे, आजी!" आणि आत दाभण चालू असे.

हे असे चालले असताना सर आले. ते पायरीवर बसले, पाणी प्याले आणि अवघडून म्हणाले, "आजी, तुमच्या नातवाचा लॅपटॉप परत घ्यायला हवा. तो शाळेतल्या मुलाच्या नावावर असतो. एक नवी मुलगी आलीये, नळवाल्याची. तिच्याकडे नाहीये."

"आणि यातलं आमच्याचं नाव?"

"ते पुसावं लागतं. तिचं नाव, तिचे रंग येतात."

"खालच्या घरांचं काय?"

"तो विचार मीही केला. पण मुलीचं घर शाळेच्या शेजारी आहे. तिच्याकडे लॅपटॉप गेला की इथे खंड पडणार. माझ्याकडे त्यावर उपाय नाही."

गादीआजींनी दोरा ओवला. पहिल्या खेपेला गेला नाही. दुसऱ्या खेपेला गेला. "आमचा येणार आहे परत," त्या म्हणाल्या. "इथल्याच शाळेत घालायचं म्हणतायत."

"असं? कधी?"

"येईल की. आता काय, येईलच."

"मग राहू दे," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून ओझे उतरल्यासारखे दिसले. "तो आला की त्याचा त्यालाच."

सर गेल्यावर मी म्हणालो, "बाई, आपला मुलगा तर तिकडे घर घेतो आहे, असे आपणच मला सांगितले होते."

"सांगितलं होतं."

"मग हे बोलणे बरे नव्हे."

"मी काय माझ्यासाठी बोलले? खाली तीन घरं आहेत, त्यात एक तुमचं. फुकटचा धडा मिळतोय तो वाचा गुमान." त्यांनी चार टाके घातले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि बोलले असले माझ्यासाठी, तर काय आभाळ कोसळलं?"

खालच्या तिन्ही घरांना आजींचे बोलणे पसंत पडले. माझ्या सूनबाईंनी तर त्यांना घरी केलेली भाजी नेऊन दिली. आणखी पुढे जाऊन कोणी असेही सुचवले की, सर पुन्हा आलेच तर लॅपटॉप बिघडला आहे असे सांगावे. त्यावर आजी खवळल्या. "बिघडला म्हणू? चांगल्या जित्या वस्तूला?"

नळवाल्याची बायको उशी भरायला घेऊन आली, त्या वेळी मी पायरीवरच होतो. तिच्याबरोबर ती मुलगी होती. आई बोलत असताना मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते.

"हात लाव की," आजी म्हणाल्या. "चावत नाही तो."

"नको. माझा नाहीये."

"मग शाळेत कसं करतेस?"

"शेजारणीचा बघते. ती म्हणते, बघ, पण बोट लावू नको."

"आगाऊच दिसते मेली."

"नाही, चांगली आहे. तिचा आहे ना, म्हणून." मुलीने मान वळवली. "आजी, तो कधी येणार?"

"कोण गं?"

"ज्याचा हा आहे तो. सर म्हणाले, तो आला तर हा त्याचाच. मग माझ्यासाठी दुसरा कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून मी रोज वर्गात बघते, नवीन मुलगा आलाय का."

"अगं, पण तो आला तर तुला मिळणार नाही. मग तू कशाला त्याची वाट बघतेस?"

"एकदा आला की मग कळेल ना," मुलगी म्हणाली. "मग बघायचं थांबता येईल."

आईने तिला दटावले, "पुरे झाली बडबड!" आणि आजींना म्हणाली, "हिचं हे असंच असतं हो, मनावर घेऊ नका." आजींनी उशी भरली. भरून झाल्यावर तोंडाशी टाके घातले, ते इतके जवळजवळ घातले की नळवाल्याची बायको म्हणाली, "अहो आजी, कापूस आहे आत, चोर नाही कोंडायचा." एरवी आजींनी यावर काहीतरी खणखणीत उत्तर दिले असते. त्या दिवशी त्यांनी नुसता दोरा तोडला. त्या संध्याकाळी मुले "आहे, आजी!" असे ओरडत गेली, तेव्हाही त्यांनी वर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. गल्लीत इतकी वर्षे राहून त्या तळापर्यंत पहिल्यांदाच उतरल्या होत्या. लॅपटॉप काखेत होता. अंगावरचा कापूस झटकलेला होता.

"चला, शेवटचे. शाळेत जायचंय."

"विचार केलात ना?"

"रात्रभर दुसरं काय केलं? आम्ही दोघी एकाच पोराची वाट बघतोय. मला ठाऊक आहे तो येणार नाही. तिला ठाऊक नाही. हे काही बरं नाही."

"आणि आमची घरे?" मी विचारले.

"ते बघते मी. तुमचा धडा काही बुडवत नाही."

चढावर त्या दोनदा थांबल्या, पण लॅपटॉप माझ्या हाती दिला नाही. सर दुपारच्या सुट्टीत वर्गात बसले होते. गादीआजी त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा येणार नाही. मी खोटं सांगितलं. हा घ्या, आणि त्या नळवाल्याच्या पोरीला द्या. पण माझं एक ऐका. तिच्या आईशी मी सकाळीच बोलून आलेय. पोरगी संध्याकाळी अभ्यासाला माझ्या दुकानात बसेल. घरी तिच्या बापाची ठाकठूक चालते. माझ्याकडे मऊ गादी आहे आणि खिडकी आहे. दिवेलागणीनंतर आई येऊन घेऊन जाईल."

सरांनी लॅपटॉप हातात घेतला. "म्हणजे मधलं घर चालू राहील," ते म्हणाले.

"मग! उगाच का सांगतेय?"

तसेच झाले. ती मुलगी पुढे किती तरी दिवस त्या खिडकीत बसून अभ्यास करत असे. तिने पिवळा आणि जांभळा हे रंग निवडले, आणि ते निवडायला तिला इतका वेळ लागला की सरांनी मध्येच आपला डबा खाऊन घेतला. मुले चार-आठ दिवस चुकून "आहे, आजी!" असे ओरडत गेली, नंतर विसरली. मुलांनी विसरावेच. ते लॅपटॉप आता जुने झाले आहेत. कित्येकांचे कान मोडले, अक्षरांवरचे रबर मुलांनी कुरतडले, आणि ती संस्था आता नवे पाठवत नाही. त्या लॅपटॉपांनी गरीब मुलांचे खरोखर किती भले झाले, याविषयी मोठ्या लोकांत मतभेद आहेत, असे सर सांगतात. त्यावर मत देण्याइतके माझे शिक्षण नाही. माझे धडे पुरे झाले, आणि मी हे लिहू शकलो, एवढे मी निश्चित सांगू शकतो.

त्या दुपारची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. नळवाल्याच्या मुलीला बोलावणे पाठवून सरांनी लॅपटॉप टेबलावर उघडला. तांबडी-निळी खूण पडद्याच्या मधोमध होती. सरांनी खालचे नाव एका दमात वाचले, हाच ना, अशी खात्री करून घेतली आणि म्हणाले, "आता हे दाबलं की सगळं पुसलं जाईल." त्यांचे बोट कळेवर गेले, तेव्हा गादीआजींनी त्यावर आपला हात ठेवला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"शेवटचे, तुम्ही वाचा त्याचं नाव. सर फार भरभर वाचतात. तुम्ही वाचता तसं वाचा, एकेक अक्षर."